मागून आणलेलं लागत नाही

६ ऑक्टोबर

भावोजी,

फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. "कसे आहात?" तर "ठीक." "जेवलात का?" तर "हो." "झाडं कशी आहेत?" तर "आहेत." म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला निदान एका शब्दात उत्तर देता येत नाही.

धाकटीला जाऊन चार महिने झाले. मी आले होते तेव्हा दिवसभर तुमच्या बाहेरच्या खोलीतच बसून होते. गच्चीवर यायचं राहून गेलं. माणसं खूप होती. सहा वर्षं आम्हा बहिणींचं बोलणं नव्हतं, ते तुम्हाला माहीत आहे. चूक कोणाची ते आता काढत नाही. पण बहीण माझी होती आणि झाडं तिची आहेत, तेव्हा ती तुमच्या हातून मरू नयेत एवढं पाहणं मला भाग आहे.

तुम्ही चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतात. दुकानदारांचे तराजू तपासलेत, मापांवर शिक्के मारलेत. बागेचं तसं नसतं. तिला शास्त्र लागतं. माझ्याकडे बागकामाच्या पुस्तकाचे तीन जाडजूड खंड आहेत, रंगीत चित्रांसह. लेखक बर्फाळ देशातले आहेत, पण शास्त्र सगळीकडे सारखंच. त्यावरून मी तुमच्यासाठी सूचना काढल्या आहेत :

१. कुंड्या दक्षिणेच्या भिंतीला लावा. दिवसभर ऊन मिळालं पाहिजे.
२. पाणी सकाळी, दव उडून गेल्यावरच घाला.
३. थंडीत ज्या झाडांची पानं गळतील त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या. त्यांना पाणी जास्त घाला.
४. झाडांशी बोला. (ही सूचना पुस्तकात आहे, मी मुद्दाम घातलेली नाही.)

शाळेत पस्तीस वर्षं बाई आणि मुख्याध्यापिका म्हणून काढली, त्यामुळे क्रमांक घालायची सवय आहे. राग मानू नका.

तिच्याकडे एक चाफाही होता म्हणे. आहे का अजून? सहज विचारलं.

ताई


१९ ऑक्टोबर

ती. ताईंना नमस्कार.

पत्र मिळालं. सूचनांची अंमलबजावणी केली. अहवाल देतो.

सूचना १ : दि. ११ रोजी सकाळी नऊ वाजता सर्व कुंड्या दक्षिणेच्या भिंतीला लावल्या. दि. १४ला सहा झाडांची पानं वर्तमानपत्राच्या रंगाची झाली. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या माळ्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, झाडं लावलीत की कपडे वाळत घातलेत?" आमच्या गच्चीच्या फरशीवर या दिवसांतही दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. आपल्या पुस्तकातला सूर्य वेगळा असावा. कुंड्या परत सावलीला आणल्या. दोन झाडं गेली.

सूचना २ : इथे दव पडत नाही. दोन दिवस सकाळी वाट पाहिली.

सूचना ३ : थंडी अजून यायची आहे.

सूचना ४ : प्रयत्न केला. लाल जास्वंदीसमोर उभा राहून "नमस्कार" म्हणालो. पुढे काही सुचलं नाही. शेजारच्या गच्चीवरच्या बाई कपडे तसेच टाकून आत गेल्या.

आता मुख्य विषय. खताच्या डब्यात हिची एक वही सापडली. मला वाटलं, कोणत्या झाडाला किती पाणी घालायचं ते लिहिलं असेल. तसं काही नाही. प्रत्येक झाडाला क्रमांक आहे, तारीख आहे, आणि ते कुठून आणलं ते लिहिलं आहे. काही नोंदी जशाच्या तशा उतरवतो.

"क्र. ४. लाल जास्वंद. दंतवैद्यांच्या दारातली कुंडी. माझा नंबर येईपर्यंत."

"क्र. ९. कर्दळ. बँकेच्या मागची पट्टी. पहारेकरी चहाला गेल्यावर."

"क्र. १७. क्रोटन, पिवळ्या ठिपक्यांचा. सेक्रेटरीबाईंच्या दारातून. त्या आतून वाटीभर साखर आणेपर्यंत. (साखर परत केली.)"

"क्र. २६. पांढरी सदाफुली. लग्नाच्या हॉलमागून. हे सोबत होते. यांना कळलं नाही."

ताई, मी खरंच सोबत होतो. हिच्या पर्समध्ये एक लहान कात्री, ओला रुमाल आणि प्लॅस्टिकची पिशवी नेहमी असायची. कात्री दोऱ्यासाठी असेल असं मी धरून चाललो होतो. ती पर्स कितीतरी वेळा मी स्वतः हातात धरून उभा राहिलो आहे. ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांच्या गल्ल्याखालची पोकळ वजनं शोधून काढली, त्याच्याच हातात चोरीची हत्यारं होती.

गच्चीवर एकूण एक्केचाळीस झाडांची नोंद आहे. त्यांपैकी चाळीस चोरीची. एकाचा उलगडा होत नाही. "क्र. ३३. चाफा. पांढरा, कडेला गुलाबी. घरून." आमच्या घरी चाफा कधीच नव्हता. हा आपण विचारलेला चाफा. अर्ध्या कापलेल्या पिंपात आहे, माझ्या छातीएवढा, प्रकृती उत्तम. तपास चालू आहे.

वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला हिने लिहिलं आहे : "मागून आणलेलं लागत नाही." मी पडताळून पाहिलं. ही गेल्यावर भेटायला आलेल्या लोकांनी रिबिनी बांधलेली सतरा रोपं आणून दिली. त्यांतली दोन जिवंत आहेत. चोरलेल्या चाळीसपैकी अडतीस जिवंत आहेत, आणि गेलेली दोन सूचना क्र. १मुळे गेली. निष्कर्ष मला मान्य नाही, पण आकडे बरोबर आहेत.

मी ठरवलं आहे की ज्याचं झाड त्याला परत करायचं. चोरीच्या मालाला रोज पाणी घालणं मला जमणार नाही. सोमवारपासून सुरुवात करतो.

आपला नम्र


३० ऑक्टोबर

भावोजी,

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. तुमच्या मनात पंचनामा असतो! अहो, गेलेल्या बायकोच्या नावाने दारोदार हिंडून "माझी बायको चोर होती हो" अशी दवंडी पिटणार आहात का? माणसं बायकोच्या आठवणीसाठी बाकडं ठेवतात, पाणपोई घालतात. तुम्ही तिचे गुन्हे परत करत फिरणार!

फांदी तोडणं ही चोरी नसते. बाया जन्मभर हेच करत आल्या आहेत. प्रत्येकीच्या बागेतली अर्धी झाडं दुसरीच्या कुंपणावरून आलेली असतात. फक्त कोणी वही ठेवत नाही. धाकटीने ठेवली, कारण संसार तुमच्याशी केला. वाण नाही पण गुण लागला.

आणि "घरून" म्हणे! त्याचा तपास मीच पुरा करून देते. आमच्या आईच्या अंगणात पांढरा चाफा होता, पाकळीची कड गुलाबी. घर विकलं तेव्हा त्याची एक फांदी मी आणून कुंडीत लावली. नव्या मालकाने दुसऱ्याच महिन्यात झाड तोडून तिथे गाडी उभी केली. म्हणजे तसला चाफा उरला तो माझ्या बाल्कनीत. सहा वर्षांपूर्वी धाकटी दोन दिवस माझ्याकडे राहून गेली. ती गेल्यावर बघते तर एक फांदी गायब, आणि कुंडीपासून थेट दारापर्यंत फरशीवर पांढऱ्या चिकाचे थेंब. मी फोन केला. म्हटलं, "अगं, मागितली असतीस तर दिली नसती का?" तर हसली! म्हणाली, "ताई, मागून आणलेलं लागत नाही." मला हसण्याचा राग आला. मी तिला चोर म्हटलं. तिने फोन ठेवून दिला. मग मीही केला नाही. हे झालं आमचं भांडण. आता कळलं?

तुमच्या त्या परतीच्या यादीत माझं नाव घालू नका. मला काही परत नको आहे. माझा चाफा उत्तम आहे, बारा महिने फुलतो.

ताई


२४ नोव्हेंबर

ती. ताईंना नमस्कार.

आपला सल्ला मिळण्याआधीच काम सुरू झालं होतं. आतापर्यंतचा अहवाल असा.

दंतवैद्य : जास्वंदीची कुंडी घेऊन गेलो. म्हटलं, "डॉक्टर, माझ्या पत्नीने नऊ वर्षांपूर्वी आपल्या दारातून हिची फांदी उचलली होती. कृपया परत घ्यावी." त्यांनी आधी माझे दात पाहिले, मग मला पाहिलं. म्हणाले, "आमची जास्वंद त्याच वर्षी मेली हो. आणि दार लावून घ्या, सांगतो. ती मी एका हॉटेलच्या आवारातून आणली होती. बायको गाडी सुरू ठेवून बसली होती." कुंडी त्यांनी ठेवून घेतली, पण मी निघालो तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. म्हणाले, "अशी समोरून दिलेली जगेल का पण?"

बँक : मॅनेजर म्हणाले की वनस्पती जमा करून घ्यायला आमच्याकडे रकाना नाही. अर्ज करा. अर्ज केला. माझी सही जुळली नाही. कर्दळ परत आणली.

सेक्रेटरीबाई : "अगंबाई, म्हणजे तुमच्या त्या!" असं म्हणून त्या मटकन खाली बसल्या. क्रोटनची फांदी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नेली असं धरून त्या आठ वर्षं त्यांच्याशी बोललेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आता हा आठ वर्षांचा अबोला मी कुठे नेऊन टाकू?" त्यांच्या आग्रहावरून मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन खुलासा केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "नाही हो, मीही नेल्या होत्या की. दोन." हे सेक्रेटरीबाईंना सांगितल्यावर त्यांना फार बरं वाटलं. अबोला कायम आहे.

रुग्णालय : ही वहीतली शेवटची नोंद आहे. "क्र. ४१. हिरवा-पांढरा वेल. रुग्णालय, तिसरा मजला, जिन्याजवळ. नर्सने पाहिलं." तारीख हिच्या जाण्याच्या तीन आठवडे आधीची आहे. तपासणीला नेलं होतं तेव्हा मी औषधांच्या रांगेत उभा होतो.

ती नर्स भेटली. वेलाची कुंडी तिच्यासमोर ठेवली. तिने लगेच ओळखलं. म्हणाली, "काका, मी म्हटलं होतं त्यांना, थांबा मावशी, मी कापून देते. तर त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, तिकडे बघ. मग मी तिकडे बघितलं."

मी विचारलं, तिकडे काय होतं.

ती म्हणाली, "काही नव्हतं. भिंत होती."

कुंडी तिने घेतली नाही. मीही आग्रह केला नाही. रुग्णालयात एवढंच बोलणं झालं.

या सगळ्यात बातमी बरीच फिरली आहे. इथल्या 'हिरव्या मैत्रिणी' या बागप्रेमी मंडळाच्या अध्यक्षबाई चार जणींना घेऊन आल्या होत्या. ही त्यांच्या मंडळात कधीच नव्हती, कारण सभासद होण्यासाठी बाग दाखवावी लागते. अध्यक्षबाई आता हिला "निसर्गाची लेक" म्हणतात. मंडळाच्या कार्यालयासमोर हिच्या नावाने एक झाड लावायचं त्यांनी ठरवलं आहे आणि त्यासाठी चाफा पसंत केला आहे. भोवती सिमेंटचा गोल कट्टा आणि संगमरवरी पाटी असेल. पाटीचा नमुना दाखवला. हिचं नाव बोटभर आहे, अध्यक्षबाईंचं वीतभर. कार्यक्रम १५ डिसेंबरला आहे.

चाफ्याचे मूळ मालक आपण, आणि आपल्याकडे चाफा आहे, परत नको असं आपण लेखी कळवलं आहे. त्यामुळे मी होकार दिला.

आपला नम्र


२९ नोव्हेंबर

भावोजी,

चाफा देऊ नका.

सिमेंटच्या कट्ट्यात चाफा मरतो हे शेंबडं पोरही सांगेल. आणि ती अध्यक्षबाई कोण लागून गेली? धाकटी जिवंत असताना तिला विचारलं नाही आणि आता निसर्गाची लेक! उद्या पाटीवर तुमचंही नाव घालतील, निसर्गाचे जावई म्हणून. चालेल तुम्हाला?

मला चाफ्याची गरज आहे म्हणून मी हे लिहीत नाही. माझा तर आत्ताही पांढराशुभ्र फुलला आहे, समोर दिसतो आहे. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. आईच्या अंगणातलं झाड कोणा ऐऱ्यागैऱ्यांच्या कार्यालयापुढे उभं राहायला नको, एवढंच.

देऊ नका. पत्र मिळताच फोन करा. एका शब्दात "नाही देत" म्हणालात तरी चालेल.

ताई


८ डिसेंबर

ती. ताईंना नमस्कार.

फोनवर सांगितलंच, देत नाही. अध्यक्षबाईंना कळवलं की मालाच्या मालकीचा तपास अपुरा आहे. त्या म्हणाल्या, "काका, झाड म्हणजे काय जप्तीचा माल आहे का?" मी हो म्हणालो. आता त्या कट्ट्यात प्लॅस्टिकचं झाड लावणार आहेत. पाटी तयार होती, तिचा खर्च वाया जाऊ नये म्हणून. हिचं नाव मात्र काढून टाकायला सांगितलं.

आता एक गोष्ट लिहितो. लिहू की नको, यात आठवडा गेला.

नोव्हेंबरच्या मध्यापासून आमच्या चाफ्याची पानं पिवळी होऊन गळायला लागली. आज एकही उरलेलं नाही. पिंपात नुसत्या काठ्या उभ्या आहेत. मला वाटलं, हाही माझ्या हातून गेला. सूचना क्र. ३ प्रमाणे जास्त पाणी घालायला झारी भरली होती. तेवढ्यात माळी आला आणि त्याने झारीच काढून घेतली. म्हणाला, "साहेब, झोपलाय तो. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतता का? थंडीत चाफ्याला पान नसतं, फूल तर नसतंच नसतं. आत्ता पाणी द्याल तर बुडापासून सडेल. ऊन तापलं की आपणच उठेल."

मी रोपवाटिकेत जाऊन पाहिलं. तिथले अकरा चाफे तसेच उभे होते. रस्त्यावरचे चार पाहिले. तेही तसेच.

आपण लिहिता की आपला चाफा बारा महिने फुलतो, आणि २९ नोव्हेंबरला पांढराशुभ्र फुलला होता.

ताई, नोकरीत मी अशी पुष्कळ वजनं पाहिली ज्यांच्यावर एक किलोचा शिक्का होता आणि आतून ती पोकळ होती. पण हातात उचलून पाहिल्याशिवाय मी कधी कोणाला खोटं म्हटलं नाही. दुकानदारालाही नाही. आपलं वजन मी उचललेलं नाही. उचलायची इच्छाही नाही. फक्त मोजणी जुळत नाही एवढं कळवतो.

आपला चाफा असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आमचा हा एकच उरला आहे, हे मला माहीत असलेलं बरं. म्हणजे मी त्याच्याकडे त्या हिशेबाने पाहीन.

आपला नम्र


११ जानेवारी

भावोजी,

महिना झाला उत्तर दिलं नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यातल्या एकात मी तुम्हाला "नाकाने कांदे सोलणारे" म्हटलं होतं, ते फाडलं हे बरं झालं.

माझं वजन पोकळ आहे.

चाफा तीन वर्षांपूर्वीच गेला. त्या वर्षी मी ते तीन खंड विकत घेतले होते. त्याआधी थंडीत पानं गळायची तेव्हा मी काहीच करत नसे, आईही करत नसे, आणि चाफा जगत होता. पण एकदा पुस्तक घेतल्यावर काहीतरी करायला हवं ना! पाणी कमी पडलंय असं ठरवलं आणि दिवसातून दोनदा घालत सुटले. सूचना क्र. ३ पुस्तकातली नाही, माझीच आहे. बुडाशी खोड काळं पडलं. मग मऊ झालं. एक दिवस बोट लावून पाहिलं तर बोट आत गेलं.

आणि हीच सूचना मी तुम्हाला लिहून पाठवली! चूक कबूल करायला लागू नये म्हणून माणूस ती चूक शास्त्र म्हणून दुसऱ्याला शिकवतो. शाळेत मुलींना उभं करून सांगायची, चुकलं तर सांगून मोकळं व्हा. स्वतःवर वेळ आली तेव्हा कुंडी पोत्यात घातली आणि सफाईवाल्याला दिली. घरात सगळ्यांना सांगितलं, बाल्कनीला रंग द्यायचा होता.

त्या दिवशी धाकटीला फोन लावला होता. सांगायचं होतं, बाई गं, बरं झालं तू चोरलीस. तिने उचलला. "हॅलो" म्हणाली. मी ठेवून दिला. तिने परत लावला नाही. नंबर तर दिसला असेल ना तिला? तुम्हाला काही बोलली होती का? नसेल बोलली तर नाही लिहिलंत तरी चालेल.

तुमच्या त्या पहिल्या पत्रातला एक शब्द मला रोज दिसतो. चाळीस झाडांपुढे तिने दंतवैद्य, बँक, सेक्रेटरीबाई असं लिहिलं, आणि माझ्याकडून नेलेल्या फांदीपुढे "घरून". आईचं घर म्हणायचं होतं की माझं, ते तिलाच ठाऊक. कोणतंही असलं तरी मी तिला चोर म्हटलं ते चुकलंच.

मला एक फांदी हवी आहे. पण तुम्ही देऊ नका. तुम्ही एका हाताने फांदी द्याल आणि दुसऱ्या हाताने पोच लिहून घ्याल, ते मला सोसणार नाही. शिवाय इथे रोपवाटिकेतून विकत आणलेले चार चाफे या तीन वर्षांत मेले. मैत्रिणीने हौसेने दिलेला पाचवाही मेला. धाकटीचं ते वाक्य मी जन्मभर थोतांड म्हणत आले, आता तुमचे आकडे पाहून बोलती बंद झाली. मागून आणलेलं लागत नाही, आणि मागायला तोंडही नाही. तेव्हा राहू दे. तुमच्याकडे आहे ना, पुष्कळ झालं.

ताई

ता. क. – ते तीन खंड शाळेच्या वाचनालयाला देऊन टाकले. आता तिथली बाग मरेल.


१८ जानेवारी

ती. ताईंना नमस्कार.

फोनबद्दल ही बोलली होती. त्या दिवशी गच्चीवरून खाली आली आणि म्हणाली, "ताईचा होता. बोलली नाही, पण श्वास तिचाच होता." मी म्हटलं, परत लाव. ती म्हणाली, "नको. तिला वाटेल, मी पकडलं." हे मी आपल्याला आधीच सांगायला हवं होतं. विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नाही.

आता कामाचं. माळी सांगतो की चाफ्याची फांदी थंडी संपता संपता, नवीन पान फुटायच्या आधी कापावी. म्हणजे फेब्रुवारीचा शेवट. २२ तारखेला आपण इकडे यावं. कारण म्हणून पुढीलपैकी कोणतंही घालावं : माझी प्रकृती, हिच्या साड्या, किंवा सहज.

दुपारी चार वाजता मी चहा करायला स्वयंपाकघरात जाईन. मला चहाला सतरा मिनिटं लागतात. मोजून पाहिली आहेत. ही होती तेव्हा ती सहा मिनिटांत करायची, पण तो विषय वेगळा. स्वयंपाकघरातून गच्ची दिसत नाही. खिडकी भिंतीकडे उघडते.

गच्चीच्या दाराला कडी नाही. हिची कात्री नळाजवळच्या खिळ्याला असते. चाफ्याला ती पुरायची नाही, म्हणून माझ्याकडची मोठी तिथेच चुकून राहिलेली असेल. पिंपाच्या पूर्वेकडच्या बाजूला एक फांदी बरीच वाढली आहे, ती मला नेहमी अडते. कोणाला सांगितलेलं नाही. फांदी दीड वीत असावी असं ऐकून आहे. चीक गळेल. तो पुसत बसू नये, मला फरशीकडे पाहायची सवय नाही.

मोठी पिशवी आणावी. मी पिशव्या तपासत नाही. आता निवृत्त आहे.

वही खताच्या डब्यावर असेल. पेन्सिल आत.

एक सामान्य माहिती, या विषयाशी संबंध नाही : चाफ्याची फांदी कापल्यावर दहा दिवस सावलीत नुसती पडू द्यायची असते, जखम सुकेपर्यंत. मग कोरड्या रेतीत लावायची. पान फुटेपर्यंत पाणी नाही. जवळजवळ नाहीच.

आपला नम्र


२५ फेब्रुवारी

ती. ताईंना नमस्कार.

आपण सुखरूप पोचल्याचं कळलं. दोन तासांच्या भेटीत आपण झाडांचा विषय एकदाही काढला नाही, याबद्दल आभारी आहे. चहा गोड झाला होता, तरी दोन कप घेतलेत. दुसरा कप करायला मला आणखी अकरा मिनिटं लागली, त्यांची आपल्याला गरज पडली असावी.

आपण गेल्यावर गच्चीची तपासणी केली. अहवाल :

नोंदीतली एक्केचाळीस झाडं. दोन मृत (जुनी). एक दंतवैद्यांकडे. शिल्लक अडतीस, सर्व जागच्या जागी. कोणत्याही झाडात घट आढळली नाही. संशयास्पद काही नाही.

चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही, मी केलेला हा पहिला खोटा अहवाल. खाली सही केली आहे.

पिंपापासून दारापर्यंत फरशीवर काही पांढरे थेंब आहेत. कशाचे ते कळत नाही. सफाईवाल्या बाई पुसायला निघाल्या होत्या, त्यांना राहू द्या म्हटलं.

वही डब्यावर उघडीच होती. क्र. ३३च्या ओळीखाली कोणीतरी पेन्सिलने नवीन नोंद केलेली दिसली. तारीख नाही, क्रमांक नाही. माझा चष्मा नेमका तेव्हा सापडत नव्हता, त्यामुळे वाचता आली नाही. अक्षर शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं गोल होतं. आणि शब्द एकच होता, अगदी हिच्या शब्दाच्या खाली, तेवढाच लांब.

आज सकाळी सूचना क्र. ४ पुन्हा अमलात आणली. चाफ्यापाशी गेलो आणि हे सगळं सांगितलं. बराच वेळ लागला. शेजारच्या बाई या वेळी आत गेल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत कपडे वाळत घातले.

आपला नम्र